मागच्या चाकाचे वीस मिलिमीटर

गाडी लो करून घेतली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, म्हणजे असल्या वेडाचं वय उलटून गेलं होतं. जुनी, दुसऱ्याच्या हातातून आलेली सेडान होती. आखूड स्प्रिंगा टाकल्या, नवे अलॉय टाकले, आणि गाडी चार बोटं खाली बसली. पण आमच्या तळेगावच्या सोसायटीत पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघितलं की काहीतरी बिनसल्यासारखं वाटायचं. चाकं आत होती. दात पडलेल्या माणसाचे ओठ आत जातात, तशी. मला चाकाची बाहेरची कड आणि वरच्या पत्र्याची कड एका रेषेत हवी होती. बास, एवढंच.

मी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. यंत्रावर तयार झालेला भाग माझ्या टेबलावर येतो, मी मोजतो आणि चालेल की नाही ते ठरवतो. केसाच्या जाडीएवढ्या फरकापायी मी पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या अज्ञानामुळं झालं असं कुणाला वाटायला नको.

चाक बाहेर आणायचं तर स्पेसर लागतात. स्पेसर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. ज्या गोल हबावर चाक आवळतात, तो हब आणि चाक यांच्या मध्ये ती बसते. जेवढी चकती जाड, तेवढं चाक बाहेर. एका रविवारी सकाळी मी पत्र्याच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. दोरा बायकोनं धरला होता. ती शाळेत शिकवते, तिला तपासायचे पेपर होते.

"किती आलं?" तिनं विचारलं.

"पुढं अकरा. मागं एकवीस."

"आणि हे अकरा न् एकवीस कुणाला दिसतात?"

"मला."

मी कागदावर लिहिलं: पुढं दहा, मागं वीस. एकेक मिलिमीटर सोडून दिला, हेच मला मोठं शहाणपण वाटलं.

लोणावळ्याजवळ वलवणला, धरणाच्या रस्त्याला, एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं चाकांचं दुकान आहे. त्यांची उमर ट्रकच्या चाकांत गेलेली. सगळे त्यांना आबा म्हणतात. बायकोला घेऊन मी तिथं गेलो आणि कागद पुढं केला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. म्हणाले, "ही मापं रिकाम्या गाडीची हायेत. गाडी काय रिकामी पळवणार व्हय?"

मग त्यांनी मला आणि बायकोला मागच्या सीटवर बसवलं, डिकीत दोन बॅटऱ्या ठेवल्या आणि स्वतः गुडघ्यावर बसून मोजलं. आम्ही उतरल्यावर त्यांनी चाक काढलं आणि हब उघडा केला. हबाच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्याच्यावर चाकाचं भोक घट्ट बसतं. वजन हितं. बोल्ट नुसता आवळून धरतो. चकतीचं भोक बी ह्याच्यावर असं बसलं पायजे की मधनं टाचणी जाणार न्हाई. भोक मोठं ऱ्हायलं तर समदा भार बोल्टावर. आन् बोल्ट लय दिवस सोसत न्हाई."

"मग किती टाकायचे?"

"पुढं दहा, मागं पंधरा. अख्ख्या धातूतनं लेथवर काढून घ्यायचे, तुमच्याच हबाच्या मापाचे. तीन आठवडे लागतील. पंधराच्या पुढं मी टाकत न्हाई."

"वीस टाकले तर काय होईल?"

आबा हात पुसत उठले. "मला नका इचारू. ज्याचं चाक निघून गेलंय त्याला इचारा."

मी तीन आठवडे थांबलो नाही. त्याच संध्याकाळी मोबाइलवरून चार चकत्यांचा संच मागवला. पुढचे दहाचे, मागचे वीसचे. ‘सर्व गाड्यांना चालतील’ असं लिहिलं होतं. माझ्या टेबलावर कुणी ‘सर्व यंत्रांना चालेल’ असा भाग आणला असता तर मी हसून परत पाठवला असता.

खोकं आलं. चकत्या आरशासारख्या चकचकीत होत्या, पण त्यांच्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, धातूची खूण नव्हती, काहीच नव्हतं. वीसच्या चकत्या आधी हबावर आवळायच्या आणि त्यांच्या स्वतःच्या बोल्टांवर चाक बसवायचं, अशी रचना. मी व्हर्नियर काढून आतलं भोक मोजलं. हबाच्या उंचवट्यापेक्षा ते जवळजवळ एक मिलिमीटर मोठं होतं. आबांची टाचणीच काय, दाभण गेला असता. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. मग व्हर्नियर मिटलं आणि डबीत ठेवून दिलं. नट आवळले की चकती आपोआप मधोमध बसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधणारा माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो, हे त्या दिवशी मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मला घाई होती.

चाकं बसवली. गाडी इतकी देखणी दिसली की मी पार्किंगमध्ये तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. ओळंबा सोडला तर दोरा पत्र्याला आणि चाकाला एकदमच टेकत होता.

पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात सत्तरच्या पुढं गेलं की सीटखालून बारीक घूं येऊ लागली. मग मागचा आरसा थरथरायला लागला, त्यातल्या गाड्या दुहेरी दिसत. घोरावाडी स्टेशनजवळच्या गतिरोधकावरून जाताना मागून घासल्याचा आवाज आला. मी उतरून बघितलं, तर टायरच्या कडेवर नखानं ओढल्यासारखी रेघ होती. दर रविवारी मी पाना घेऊन नट आवळायचो आणि दर रविवारी पाव आटा तरी फिरायचाच. आवळलेला नट आठवड्यात सैल का होतो, हा प्रश्न मी कारखान्यात कुणालाही विचारला असता. घरी मी स्वतःला विचारला नाही. शिवाय मी आवळत होतो ते बाहेरचे, दिसणारे नट. चकती हबावर धरून ठेवणारे आतले नट चाकाच्या मागं झाकलेले होते. ते बघायला चाक काढावं लागतं.

एका रविवारी काढलं. चकती आणि हब यांच्या मध्ये काळी राख साचली होती. बोटाला लागली तशी ती गुळगुळीत, काजळासारखी वाटली. धातू धातूवर घासून त्याची भुकटी होत होती.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "मी उद्यापासून स्कूटरनं जाईन."

"का?"

"गाडीत बसलं की मला दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखं वाटतं. तुला काही वाटत नाही?"

मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी वलवणला गेलो. आबांनी पुन्हा चाक काढलं. माप घेतलं, तीन आठवड्यांनी चकत्या आल्या, पुढं दहा आणि मागं पंधरा. त्या त्यांनी लांब बोल्ट ठोकून बसवल्या. थरथर गेली. चाक पत्र्याच्या पाच मिलिमीटर आत राहिलं, आणि आठवड्याभरात मी ते बघायचंही विसरलो.

इथंच हे संपलं असतं.

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात एक जोडपं राहायचं. तो बँकेत, ती घरून काम करायची, पाच वर्षांची मुलगी. तो मला दादा म्हणायचा. त्यानंही गाडी लो केली होती, माझी बघूनच, आणि त्याच्या हबाचे बोल्ट माझ्या गाडीसारखेच होते. एकदा तो आमच्या बाल्कनीत आला तेव्हा वीसच्या चकत्या कोपऱ्यात पिशवीत पडल्या होत्या.

"दादा, हे वापरत नाही तुम्ही?"

"नाही. मी दुसरे करून घेतले."

"मग मी नेऊ? काही प्रॉब्लेम आहे का यांच्यात?"

आता सांगायचं होतं. भोक मोठं आहे, नट सैल होतात, काळी राख निघते, टाकून दे. चार वाक्यं. पण ती वाक्यं बोलायची म्हणजे मी मोजून-मापून ते बसवले होते आणि बायकोला दोन महिने त्याच्यावर फिरवलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "जरा थरथर येते. बॅलन्सिंग करून घे. आणि नट अधूनमधून आवळत जा."

रविवारी मीच त्याला चाकं बसवून दिली. तो जॅक फिरवत होता, मुलगी नट मोजून माझ्या हातात देत होती. काम झाल्यावर तो मागं सरकून बघत राहिला. "एक नंबर, दादा. तुम्ही बसवलंय म्हणजे बघायला नको."

पुढचे दहाचे दोन स्पेसर मी कारखान्यात नेले होते. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरे होते.

महिन्याभरानं एका शुक्रवारी आमच्याकडं तडे शोधायचं काम निघालं होतं. एक लाल रंग भागावर फवारायचा, तो पुसून टाकायचा, मग वरून पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठून गेले, फवारा माझ्या हातात होता. समोर ती चकती होती. का केलं माहीत नाही. कदाचित माहीतही असेल. फवारा मारला, थांबलो, पुसलं, पांढरं मारलं आणि डबा उघडून दोन घास खाल्ले. परत बघितलं तेव्हा बोल्टच्या एका भोकापासून आतल्या कडेपर्यंत लाल रेषा उमटली होती. मग समोरच्या भोकापासून दुसरी. मी बघत होतो तशी ती लांबत गेली.

ही पुढची होती, दहाची, साधी चकती. त्याच खोक्यातून आलेल्या मागच्या दोन, ज्यांच्या बोल्टांवर अख्खं चाक लटकतं, त्या समोरच्या घरातल्या गाडीला होत्या.

मी त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बायकोची सकाळची शाळा सुटली होती, ती घरी होती. तिला म्हटलं समोरचं दार वाजव.

"कुलूप आहे," ती म्हणाली. "त्यानं आज रजा टाकलीय. शनिवार-रविवारी लोणावळ्याला पाय ठेवायला जागा नसते म्हणून आजच गेलेत, पवना धरणावरून वर. आत्ताच तिनं फोटो टाकलाय, धरणावरचा. झालं काय?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "तू त्याला हे सांगितलं नव्हतंस?"

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघालो. ढग अगदी खाली आले होते, भर दुपारी सगळ्या गाड्यांचे दिवे लागले होते. कामशेतच्या फाट्यावर क्षणभर थांबलो. पवनानगरकडं वळून त्यांच्या मागून गेलो असतो तर गाठणार कधी? ते दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडं येणार, समोरून गेलो तर भेटणारच. मी सरळ गेलो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची मागची चाकं बघत होतो. कार्ला फाट्याच्या पुढं फोन वाजला.

"दादा, एवढे मिस्ड कॉल? घरी सगळं ठीक ना?"

"कुठं आहेस?"

"खिंडीच्या अलीकडं. चढ लागलाय आता."

"गाडी थांबव. आत्ता बाजूला घे आणि सगळे उतरा."

"काय? आवाज तुटतोय. मागून जरा खडखड येतेय दादा, लोणावळ्यात दाखवून..."

फोन बंद पडला. नंतर लागलाच नाही. खिंडीपर्यंतच्या रस्त्याचं मला फारसं काही आठवत नाही. एवढं आठवतं, की मी मोठ्यानं सारखा "थांब, थांब" म्हणत होतो आणि माझी स्वतःची गाडी पळवत होतो.

खिंड ओलांडून पलीकडं उतरलो आणि दुसऱ्या वळणावर माणसं उभी दिसली. त्याची गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसली होती, तोंड डोंगराकडच्या चरात. डांबरावर पांढरा ओरखडा होता, वीसेक पावलं लांब. डावं मागचं चाक जागेवर नव्हतं. हबावर चकतीचा अर्धा तुकडा तेवढा राहिला होता. तुटलेल्या कडेचा जुना भाग काळा पडला होता आणि नवा भाग पांढरा, म्हणजे ती आजची तुटली नव्हती. ती केव्हापासूनच तुटत होती.

तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हात खाली सोडून. त्याची बायको दगडावर बसली होती आणि मांडीवरच्या मुलीच्या कपाळाला ओढणी दाबून धरली होती. ओढणी लाल झाली होती. मुलगी रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "काका, आमचं चाक पळालं."

मी तिघांना माझ्या गाडीत घातलं आणि लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. भुवईवर सहा टाके पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जुळेल, लहान आहे. आई आत तिच्याजवळ थांबली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. व्हर्नियर, काळी राख, बायकोची स्कूटर, दुपारची लाल रेषा.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तडा आज कळला. बाकीचं तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. बाल्कनीत."

"हो."

"दुसऱ्या कुणी दिले असते तर मी दहा ठिकाणी विचारून बसवले असते," तो म्हणाला. "तुमच्याकडून घेतले म्हणून कुठंच विचारलं नाही." आणि उठून आत गेला. त्यानंतर त्यानं मला दादा म्हटलेलं मला आठवत नाही. तो भांडला नाही, तक्रार केली नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी घर बदललं. सामान उतरत असताना मी जिन्यात उभा होतो. मुलीनं हात हलवला, आईनं तिचा हात धरून खाली नेलं.

चाक मात्र तिथंच राहिलं होतं. रस्त्यावरून ते दरीच्या बाजूला खाली उडालं होतं आणि त्या दिवशी ते बघायला कुणाला सवड नव्हती. अपघातानंतर आठवड्यानं मी बायकोला घेऊन तिथं गेलो. रस्त्याच्या खाली पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं आहेत. तिसऱ्या खाचराच्या बांधाला टेकून चाक ठेवलेलं दिसलं, कुणीतरी नीट उचलून ठेवल्यासारखं. आम्ही उतरलो तर वरच्या बाजूनं एक बाई आल्या, पन्नाशीच्या, डोक्यावर इरलं, हातात खुरपं.

"तुमचं हाय व्हय चाक?"

"मावशी, गाडी माझी नाही," मी म्हणालो. "पण चाक माझ्यामुळं निघालं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बायकोकडं बघितलं. मग खुरप्यानं खाचराच्या मधोमध दाखवलं.

"मी तितं वाकून गवत काढीत व्हते. पानी वाजत व्हतं, काय आयकू आलं न्हाई. कानाजवळनं वारं गेलं न् बांध फुटला. मला वाटलं डोंगरातनं धोंडा आला. मागनं बगितलं तर चाक. हातभर, बगा. एवढं." त्यांनी हात लांब करून अंतर दाखवलं.

"मावशी, चुकलं माझं."

"आता चुकलं म्हनून काय करायचं? माझी सून व्हती बांधावर, प्वार कडंवर घिऊन. तिला चार दिस जेवन गेलं न्हाई." त्यांनी खुरपं पुन्हा खाचराकडं केलं. "तुमी एक करा. जितं मी वाकले व्हते तितं जाऊन उभं ऱ्हावा."

मी बूट काढले, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरलो. पाणी पोटरीपर्यंत होतं, थंड. त्यांनी दाखवलेल्या जागी गेलो. वर बघितलं तर रस्ता दिसतच नव्हता. गवत, कारवीची झुडपं आणि वर नुसतं धुकं. त्या म्हणाल्या, "आता वाका." मी वाकलो.

वरून एक गाडी गेली. मग एक मोठी गाडी, गिअर बदलत. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज यायचा, डोक्यावर मोठा व्हायचा आणि निघून जायचा. मग जरा शांत झालं की मी पुढच्या आवाजाची वाट बघायला लागायचो. मानेवर काटा आला होता आणि तो जाईना.

किती गाड्या गेल्या ते मोजलं नाही. मावशी बांधावर उभ्या होत्या, हातातलं खुरपं खाली करून. मी सरळ व्हायला लागलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आजून थोडं."